वाचकांचे प्रश्न : रानात राहण्याची जुनी विद्या गटाने कशी शिकावी?

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच निघाला. दोर वळणे, ठिणगी पाडून विस्तव करणे, इरले विणणे, रानभाजी ओळखणे, पाण्याचा ठाव लावणे ही जी कामे आपल्या पणजोबांच्या पिढीला सहज येत होती, ती चार जणांनी मिळून पुन्हा शिकावीत, अशी इच्छा या वाचकांना झाली आहे. तिचा मला मनापासून आनंद वाटतो, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्यांच्याच पत्रांना दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

घोडबंदर रस्त्यावरील एका वसाहतीतून

आमच्या वसाहतीतील काही कुटुंबांनी पैसे भरून शनिवार-रविवारची ‘जंगलात तगून राहण्याची’ शिबिरे केली. तंबू, शेकोटी, दोरावरून ओढा ओलांडणे हे सारे मजेचे होते, परंतु घरी परतल्यावर आपल्याला नक्की काय येऊ लागले, याचे उत्तर सापडत नाही. पूर्वजांची ही विद्या खऱ्या अर्थाने शिकायची असेल, तर शिकवणारे कोठे शोधावेत आणि वर्षाचा क्रम कसा आखावा?

उत्तर : शिबिरात जे शिकवतात, ते संकटातून दोन दिवस निभावून नेण्याचे तंत्र असते. आपल्याला हवे आहे ते एका जागी बारा महिने राहण्याचे ज्ञान, आणि ते जागेला व ऋतूला बांधलेले असते. जी झोपडी मार्गशीर्षात उभी करतात तिचे कूड, म्हणजे काठ्यांच्या भिंती, आषाढात बांधता येत नाहीत, आणि जी भाजी पहिल्या पावसानंतर आठ दिवस कोवळी असते ती श्रावणात हात लावण्याजोगी राहत नाही. त्यामुळे दर वेळी नवे ठिकाण पाहणारा गट कितीही हिंडला तरी पाहुणाच राहतो.

ज्यांना आपण ‘पूर्वजांची विद्या’ म्हणतो ती जगणारी माणसे आपल्यापासून फार दूर नाहीत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत, २०१४ मध्ये पालघर जिल्ह्यात गेलेल्या जव्हार-मोखाड्यात, तसेच रायगडमधील कर्जत, खालापूर आणि पनवेलच्या डोंगरपायथ्याशी वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. माझे स्पष्ट मत असे आहे की, गटाने यांपैकी एकच पाडा निवडावा आणि मृगापासून मृगापर्यंतचे एक पूर्ण वर्ष तेथेच जावे. महिन्यातून एक रविवार पाड्यावर आणि एक संध्याकाळ आपल्या गच्चीवर सरावासाठी, एवढे सातत्य राहिले तरी पुष्कळ होते.

पहिल्या भेटीतच ‘आम्हाला शिकवा’ असे म्हणू नये. गावच्या जाणत्या माणसांना भेटावे, येण्याचा हेतू सांगावा आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत कामाला हात लावावेत. हे मी केवळ सौजन्य म्हणून सुचवत नाही. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावताना दोन्ही हात गुंतलेले असतात, छत्री धरणे शक्य नसते, आणि तेव्हा पाठीवरचे इरले कशासाठी आहे, ते डोक्यापासून कमरेखालपर्यंत का येते, त्याची पाठ फुगीर का ठेवतात, हे सारे विचारावे लागत नाही. बांबूच्या पातळ बेळांची मोठ्या डोळ्यांची विणलेली जाळी, तिच्यावर देठ वरच्या बाजूला ठेवून पसरलेली सागाची किंवा पळसाची पाने, आणि पाने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसवलेली दुसरी जाळी, अशी त्याची रचना असते. पाने खालून वर लावत आणायची, म्हणजे वरच्या पानाची कड खालच्या पानावर येते आणि पाणी आत न शिरता ओघळते. झोपडी शाकारण्याचा नियमही हाच आहे, त्यामुळे ज्याने एक इरले नीट विणले त्याला छप्पर शिकणे फारसे जड जात नाही.

पाडा निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्या समाजाचे नावच खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले, त्याच्यापाशी रानाचे ज्ञान सर्वांत जास्त आणि गावी राहण्याची मुभा सर्वांत कमी, अशी स्थिती आहे. हिवाळ्यातील शिकवणी ठरवण्यापूर्वी कोण गावात असणार आहे, हे विचारून घ्यावे, आणि आपल्या मानधनामुळे एखाद्या जाणत्याला चार आठवडे घरी राहता येत असेल, तर त्याची सोय आधीच करावी.

पहिला धडा दोराचा ठेवावा. बहुतेक गट विस्तवापासून सुरुवात करतात, कारण तो दिसायला रोमांचक असतो, परंतु दोराशिवाय ना झोपडी उभी राहते, ना मोळी बांधता येते, आणि दोराला लागणारा माल ठाण्यातही मिळतो. घड काढून झाल्यावर केळीचा जो खुंट टाकून देतात, त्याचे सोप सुटे करावेत, फळीवर ठेवून बोथट सुरीने त्यांचा गर खरवडून काढावा आणि उरलेले धागे सावलीत वाळवावेत. वळताना धागे किंचित ओले करून त्यांची जुडी दुमडावी, मात्र अगदी मध्यावर नाही, एक बाजू थोडी लांब राहील अशी. दुमड डाव्या हाताच्या चिमटीत धरावी, उजव्या हाताने पलीकडच्या पदराला आपल्यापासून दूर जाणारा पीळ द्यावा, आणि तो पदर अलीकडच्या पदरावरून आपल्या दिशेने आणावा. आता दुसरा पदर पलीकडे गेलेला असतो. त्याचेही तसेच करावे. पदराचा पीळ एका दिशेचा आणि दोराचा पीळ उलट दिशेचा असल्यामुळे एक सुटू पाहतो तेव्हा दुसरा आवळतो, आणि हात सोडला तरी दोर उलगडत नाही. पदर बारीक होऊ लागला की तो संपण्याच्या आधीच त्यात नवे धागे मिसळावेत. दोन्ही पदरांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत, कारण दोर तुटतो तो तेथेच; जुडी दुमडताना एक बाजू लांब ठेवायची ती याचसाठी. पाड्यावरचे म्हातारे हेच काम मांडीवर करतात. तळहाताच्या एका पुढच्या रेट्यात दोन्ही पदर पिळले जातात आणि मागे घेताना ते एकमेकांवर बसतात. ती हातोटी पाहण्यासारखी आहे, पण चिमटीचा हात बसल्यानंतरच ती साधते. पुढे रानात केवण, म्हणजे मुरुडशेंग, आणि आपटा यांच्या सालीचा, तसेच अंबाडी आणि घायपात यांच्या वाखाचा दोर शिकता येईल.

उरलेल्या वर्षाचा क्रम पाडाच ठरवील. ढोबळमानाने सांगायचे तर आषाढात रानभाज्या आणि इरली, भाद्रपदापर्यंत झाडे-वेली ओळखणे, भातकापणीनंतर पेंढा आणि गवत, थंडीत बांबू, कारवीचे कूड आणि विस्तव, चैत्र-वैशाखात मोह, करवंदे आणि पाणी. बांबू पावसाळ्यात तोडत नाहीत, कारण तेव्हा कोंब वर येत असतात आणि त्या दिवसांतल्या बांबूला कीडही लवकर लागते. उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्याच्या वाळूत झिरा कसा खणावा, हे अवश्य पाहावे. गढूळ पाणी निवळीच्या बीने स्वच्छ करण्याची रीतही जुनी आहे. भांड्याच्या आतल्या बाजूला बी उगाळली की गाळ तळाशी बसतो. परंतु पाणी नितळ झाले म्हणजे निर्जंतुक झाले असे नाही. त्याला खळखळून उकळी आणून किमान एक मिनिट ती टिकवावी, मगच ते प्यावे.

गटात सर्वांनी सर्व काही शिकण्याचा हट्ट धरू नये. प्रत्येक कुटुंबाने एक काम खोलवर शिकावे आणि गच्चीवरच्या सरावाला ते इतरांना शिकवावे. शिकवण्याची पाळी आली की आपले कोठे अडते, हे लगेच उघडे पडते.

नेरूळहून

आम्हा मित्रांना सरावासाठी येऊर, कर्नाळा किंवा खारघरची टेकडी जवळ पडते. तेथे रात्री राहून शेकोटी करणे, लहानसा निवारा बांधणे आणि सुकी लाकडे वापरणे यास हरकत असते का? आम्ही कचरा करत नाही.

उत्तर : हरकत असते, आणि ती कचऱ्यापुरती नाही. येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि कर्नाळा हे अभयारण्य आहे. अशा ठिकाणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. त्यानुसार परवानगीशिवाय प्रवेश, वनस्पती व लाकूड काढणे आणि आग लावणे या तिन्ही गोष्टींना मनाई आहे. अभयारण्याबाहेरच्या राखीव वनातही भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार विस्तव पेटवणे आणि झाडे तोडणे हा गुन्हा ठरतो. पडलेली सुकी फांदीही या नियमातून सुटत नाही, आणि तिच्यात वाळवी, विंचू, बुरशी यांचा जो संसार असतो तो पाहता ते योग्यही आहे.

आदिवासी आणि पारंपरिक वननिवासी यांना वनहक्क कायदा, २००६ अन्वये गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मिळाला आहे. तो त्यांच्या उपजीविकेसाठी आहे, आणि त्यांच्या सोबत गेल्यामुळे तो आपल्याला लागू होत नाही. तेव्हा कापावी, तोडावी, जाळावी लागणारी सारी कामे मालकी जमिनीवर, मालकाच्या संमतीने करावीत. भातकापणीनंतर मोकळी झालेली शेते, आंब्याच्या बागा, पाड्याजवळचे खळे ही त्यासाठी उत्तम ठिकाणे आहेत. येऊरला सकाळी रीतसर जावे, झाडे आणि पक्षी ओळखावेत, बिबट्याचे ठसे आणि कुत्र्याचे ठसे यांतला फरक शिकावा, आणि अंधारापूर्वी परतावे. कुत्र्याच्या ठशात नखांचे टोक उमटते. बिबट्या चालताना नखे आत घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात ती सहसा दिसत नाहीत. एवढे शिकण्यासाठी काहीही तोडावे लागत नाही.

ऐरोलीहून

लाकडावर लाकूड घासून विस्तव करण्याचा आमचा गट बरेच दिवस प्रयत्न करत आहे. धूर येतो, पण निखारा काही केल्या पडत नाही. पावसाळा संपला की पुन्हा बसणार आहोत. काय चुकत असावे?

उत्तर : पावसाळ्यानंतर लगेच बसू नका. आपल्याकडची हवा दिवाळीनंतर खरी कोरडी होते, आणि डिसेंबर ते मार्च हा या कामाचा हंगाम आहे. दरम्यान लाकूड वाळवत ठेवावे. पावसाळ्यापूर्वी रस्त्यालगतच्या झाडांची जी छाटणी होते, त्यातील पिंपळ, पांगारा किंवा सावर यांच्या फांद्या विचारून घ्याव्यात आणि छपराखाली, वारा लागेल अशा ठेवाव्यात. खैर, बाभूळ यांसारखी कठीण लाकडे नकोत. वाळलेल्या लाकडावर अंगठ्याचे नख दाबले असता खूण उमटली पाहिजे, इतके ते मऊ असावे.

आता चूक कोठे आहे, हे फळीच्या खळग्यात उभी काठी फिरवताना पडणारी भुकटीच सांगते, म्हणून धुराकडे पाहू नका, भुकटीकडे पाहा. ती फिकट तपकिरी आणि भरड असेल, तर दाब किंवा वेग कमी पडतो आहे. खळगा गुळगुळीत होऊन चमकू लागला असेल आणि कर्कश आवाज येत असेल, तर घर्षणच थांबले आहे. खळग्यात चिमूटभर बारीक वाळू टाकावी. भुकटी काळी आणि मऊ असूनही निखारा पडत नसेल, तर बहुधा खाच चुकली आहे. खालच्या फळीच्या कडेपासून खळग्याच्या मध्याच्या थोडे अलीकडे पोचेल अशी, खाली रुंद होत जाणारी खाच असावी, म्हणजे भुकटी सांडून न जाता एका जागी साठते. निखारा तयार होतो तो या साठलेल्या भुकटीच्या पोटात. फिरवणे थांबवल्यावरही तिच्यातून धुराची बारीक रेघ येत राहिली, तर घाई न करता फळीला हलकेच टिचकी मारून ती सुटी करावी, हाताने वारा घालावा, आणि लालसर दिसू लागल्यावरच सुक्या वाखाच्या किंवा गवताच्या घरट्यात ठेवून फुंकावी. भेरली माडाच्या पानांच्या बुडाशी येणारी तपकिरी लव मिळाली, तर तिच्याइतके चांगले काहीच नाही.

आपण गट आहात, याचा फायदा मात्र घेतलेला दिसत नाही. एकट्याने तळहातांत काठी फिरवत बसणे ही सर्वांत कष्टाची रीत आहे. श्रौत यज्ञांत अग्निमंथन करतात तेव्हा खाली अधरारणी ही फळी ठेवतात, तिच्यावर उभा मंथा, म्हणजे फिरवायची काठी, धरून एक जण वरून दाबतो आणि दुसरा मंथ्याला गुंडाळलेली दोरी ताक घुसळण्याच्या रवीसारखी आळीपाळीने ओढतो. अरणी अश्वत्थाची, आणि तोही शमीवर उगवलेला असावा, असा संकेत आहे. दाब एकाचा, वेग दुसऱ्याचा आणि भुकटीवर नजर तिसऱ्याची, अशी वाटणी केली की कोणीही दमण्याच्या आत काम होते. दोरी मात्र स्वतः वळलेली वापरावी. तिची परीक्षाही त्यातच होते. बादलीभर पाणी आणि वाळू शेजारी ठेवल्याशिवाय गच्चीवर हे करू नये.

गारगोटीची चकमकही शिकून ठेवावी. पोलादाचा तुकडा गारगोटीच्या धारेवर झाडला की लोखंडाचे तापलेले कण उडतात, आणि ते सावरीच्या कापसात किंवा जाळून काळ्या केलेल्या सुती चिंधीत झेलता येतात. खेड्यांतील अनेक म्हाताऱ्यांनी हिच्यावर विड्या पेटवलेल्या आहेत.

वाशीहून

आमच्या गटातील काही जणांना फासे लावणे आणि बेचकीने पारध करणे शिकायचे आहे. निदान ससा किंवा घोरपड यांच्यापुरती मोकळीक असते का?

उत्तर : नाही. दोन्ही प्राणी कायद्याने संरक्षित आहेत आणि फासा लावणे हीच शिकार ठरते, प्राणी त्यात सापडो वा न सापडो. ज्यांना मागोवा घेण्याची आवड आहे त्यांनी ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे आणि वाटा यांचा अभ्यास करावा. शिकाऱ्याच्या ज्ञानातला मोठा भाग त्यातच असतो.

पाचपाखाडीहून एका आईचे पत्र

मुलांना रानभाज्या ओळखायला शिकवायचे आहे, परंतु विषबाधेची आणि सापांची भीती वाटते. मोबाईलवर छायाचित्र काढून वनस्पतीचे नाव सांगणारी सोय पुरेशी आहे का? अळंबी मुलांना फार आवडतात.

उत्तर : छायाचित्रावरून मिळालेले नाव शोधाची सुरुवात म्हणून ठीक आहे, जेवणाचा आधार म्हणून अजिबात नाही. रानातल्या अळंबी तर गटाच्या ताटात नकोतच; खाण्याजोगी आणि जीवघेणी यांत इतके साम्य असते की, तो विषय पाड्यावरच्या अनुभवी बाईंच्या डोळ्यांसमोरही पाहण्यापुरताच ठेवावा.

मुलांना आधी विषारी झाडे शिकवावीत, खाण्याची नंतर. धोतरा, गुंज, कण्हेर ही ठाण्यातच दिसतात. कळलावी मात्र मुद्दाम दाखवावी. श्रावणात तिची लाल-पिवळी फुले पाहून मुले धावत जातात, आणि तिचा कंद खाण्याच्या कंदासारखा दिसतो. त्यात कोल्चिसीन नावाचे तीव्र विष असते. तिची खूण फुलाशिवायही पटते, कारण तिच्या पानाचे टोक तणाव्यासारखे गुंडाळलेले असते. हे एकदा हाताने पाहिलेले मूल ते विसरत नाही.

मग टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली, भारंगी यांपैकी एका पावसाळ्यात तीन-चारच भाज्या घ्याव्यात, आणि त्या कोंब, पान, फूल, फळ अशा सर्व अवस्थांत पाहाव्यात. ओळख पटणे हे अर्धेच ज्ञान आहे, उरलेले अर्धे स्वयंपाकघरात असते. ठाण्याच्या बाजारात पहिल्या पावसाच्या सुमारास येणाऱ्या शेवळांचेच उदाहरण घ्या. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्यामुळे घसा खाजतो, म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकतात आणि भाजीत काकड या झाडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. कडूकंद त्याहून हट्टी असतो. त्याचे काप राखेबरोबर उकडून, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्यावर मगच तो खाण्यालायक होतो. ज्या बायकांनी ही रीत शोधली आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांच्या चुलीपाशी बसल्याशिवाय रानभाज्यांची वही पुरी करू नये.

सापांविषयी थोडक्यात सांगते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार ओळखता आले पाहिजेत. गवतात पायाच्या आधी काठी जावी, दगड किंवा लाकूड उचलताना बोटे खाली घालू नयेत, आणि अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. दंश झालाच तर करकचून बांधणे, चिरा देणे, मंत्र असे काहीही न करता माणसाला स्थिर ठेवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. असे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वी दूरध्वनी करून विचारून ठेवावे.

कळव्याहून एका तरुणाचे पत्र

मी वारली पाड्यावर वाढलो आणि आता नोकरीसाठी कळव्यात राहतो. शहरातले गट पाड्यावर येतात, आजीचे फोटो काढतात, कंदांची नावे लिहून नेतात आणि पुन्हा दिसत नाहीत. आता एका गटाने मला मध्यस्थ होण्याची विनंती केली आहे. त्यांची भावना चांगली वाटते, पण नाही म्हणावे की अटी घालाव्यात, हे ठरत नाही.

उत्तर : अटी घालाव्यात, त्या कागदावर लिहाव्यात, आणि त्या मान्य नसतील तर निःसंकोच नाही म्हणावे.

पहिली अट पैशाची असावी. शहरातील शिबिराचा प्रशिक्षक दिवसाला जे घेतो तेच आपल्या आजीला मिळाले पाहिजे, तिच्या हातात आणि त्याच दिवशी. साडी, मिठाई, जुने कपडे ही मानधनाची जागा घेऊ शकत नाहीत. पुरुष दोर शिकवतो त्याचे पैसे आणि बाई भाजी शिकवते ते मात्र ‘घरचे जेवण’, असा भेद बऱ्याच ठिकाणी नकळत होतो. तो होऊ देऊ नये.

दुसरी अट काय सांगायचे याविषयी. औषधी मुळ्या आणि कंदांच्या जागा यांची माहिती देणे आजीवर बंधनकारक नाही. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आजीच्या ज्ञानाची पहिली नोंद तिच्या नावानिशी तेथे व्हावी, पाहुण्यांच्या वहीत नंतर. कंदांच्या जागा समाजमाध्यमांवर टाकल्या की पुढच्या पावसाळ्यात तेथे खड्डेच दिसतात, हे गटाला स्पष्ट सांगावे. फोटो विचारल्याशिवाय नकोत.

तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जी शिकवणी होईल तिच्यात पाड्यावरची मुले विनामूल्य, पहिल्या रांगेत बसतील. इरले विणणारे हात आज बहुतेक साठीच्या पुढचे आहेत, आणि प्लॅस्टिकच्या कागदाने त्यांचे काम काढून घेतले आहे. शहरातून शिकायला माणसे येतात हे पाहून पाड्यावरच्या मुलांना त्या कामाची किंमत वाटू लागली, तर तुमच्या मध्यस्थीचे सार्थक झाले असे मी म्हणेन. आणि तुम्ही स्वतः दुभाषा म्हणून उभे राहू नका, आजीजवळ शिकायला बसा. गटाला प्रश्न विचारायचे असतील ते आजीला विचारू देत.

बेलापूरच्या कोळीवाड्यातून

आमच्याकडे रान नाही, खाडी आहे. आजोबा घड्याळ न पाहता पाणी कधी चढेल ते सांगतात. आम्ही आगरी-कोळी मुलांनी गट करायचे ठरवले आहे. आमचे हे ज्ञान या विषयात बसते का?

उत्तर : पूर्णपणे बसते, आणि तुमचा गुरू तर घरातच आहे. आजोबा जे करतात त्याचा हिशेब विचारून घ्या. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, त्यावर हे गणित बसले आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती, हेही त्यातलेच. खाडीत आत पाणी थोडे उशिरा चढते. किती उशिरा, ते तुमच्या धक्क्यावर उभे राहूनच कळेल.

म्हणून पहिला महिनाभर गटाने एवढेच करावे. धक्क्याच्या एका पायरीवर खूण करावी, रोज आळीपाळीने एकाने पाणी सर्वांत वर आल्याची वेळ टिपावी, तिथी शेजारी लिहावी, आणि आठवड्याच्या शेवटी वही आजोबांना दाखवून त्यांच्या अंदाजाशी ताडून पाहावी. वाऱ्याने आणि पावसाच्या लोंढ्याने किती फरक पडतो, ते त्यांना विचारावे. जाळे विणणे आणि तुटलेला डोळा सांधणे पावसाळ्याच्या बंदीच्या दिवसांत, होड्या वर ओढलेल्या असताना शिकावे. कांदळवनात एकट्याने उतरू नये, कारण गाळ दिसतो त्याहून खोल असतो. तेथील झाडांना हात लावू नये, आणि ऐरोलीच्या बाजूला जाणार असाल तर ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तेव्हा तेथे आधी परवानगी घ्यावी.